कळलावी : फूल देखणे, कंद घातक



पोळ्याच्या सुमारास बोरगाव मेघेच्या शिवारात ऊस पाहत फिरताना धुऱ्यावर लाल-पिवळ्या ज्वाळेसारखी फुले दिसली, की ती कळलावी समजावी. पानाची टोके आकडीसारखी वळवून हा वेल कुंपणावर चढतो. कंद नांगरासारखा, म्हणून संस्कृतात लांगली. बाळंतपणाच्या कळा लावते, म्हणून कळलावी.

नेमका हाच वापर जिवावर बेततो. कंदात व बियांत कोल्चिसिन हे जहाल विष असते. खाल्ल्यावर काही तास काहीच जाणवत नाही. मग उलट्या, जुलाब सुरू होतात. यावर हमखास उतारा नाही.

तेच द्रव्य मोजूनमापून दिले तर गाऊट या सांधेदुखीवर औषध ठरते. त्यासाठी तामिळनाडूत शेतकरी तिची लागवड करून बिया विकतात. पण मात्रा ठरवणे डॉक्टरांचे काम, आपले नव्हे.

तेव्हा आमचे सांगणे एवढेच : धुरा खोदताना निघालेला कंद रताळे समजून पोरांच्या हाती पडू देऊ नका, वेल चाऱ्यात जाऊ देऊ नका, अडलेल्या बाईला तर कदापि देऊ नका. कोणी चुकून खाल्लेच, तर उलटीची वाट न पाहता, वेलाचा तुकडा सोबत घेऊन लगेच सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय गाठा.