सापाच्या इंजेक्शनमधले अँटीबॉडीचे तुकडे कसे तपासतात?

हेडफोन हाताशी नसलेल्यांसाठी हा आपल्या भागाचा लिखित अवतार.

पावसाळ्यात शेतात कुणाला घोणस चावली, की घरच्यांचा पहिला प्रश्न असतो, "दवाखान्यात सापाचं इंजेक्शन आहे का?" एका मोठ्या अभ्यासाच्या अंदाजानुसार २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने वर्षाला सरासरी ५८ हजार माणसं गेली. मग त्या बाटलीत असतं तरी काय?

असतात घोड्याच्या अँटीबॉडीचे तुकडे. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं यांचं विष घोड्याला अगदी थोडं थोडं टोचतात. त्याच्या रक्तात अँटीबॉडी तयार होतात, त्यापासून हे औषध बनतं. आपल्या मुंबईची हाफकिन ते कित्येक दशकं बनवत आली आहे.

अख्खी अँटीबॉडी का नाही देत?

अँटीबॉडीचा आकार इंग्रजी वाय अक्षरासारखा. वरचे दोन हात विषाला पकडतात. खालचा दांडा आपल्या प्रतिकारशक्तीला हाक मारतो. घोड्याचा दांडा माणसाच्या अंगात गेला, की अंगावर पित्त उठणं, धाप लागणं असा त्रास होण्याची शक्यता वाढते. म्हणून पेप्सिन वापरून दांडा कापतात. हो, आपल्या पोटात अन्न पचवतं तेच पेप्सिन! अख्खी अँटीबॉडी साधारण १५० किलोडाल्टनची, तर उरलेला जोडहातांचा तुकडा साधारण ११० चा.

नीट कापलं गेलं का, हे कसं कळतं?

पहिली पायरी क्रोमॅटोग्राफी. एका नळीत बारीक छिद्रांचे मणी भरलेले असतात. त्यातून औषधाचा थेंब द्रवासोबत पुढे ढकलतात. आता हायवेवरची एसटी आणि स्कूटर आठवा. एसटी सरळ जाते, स्कूटर मात्र दिसेल त्या गल्लीत शिरते. तसंच इथे मोठे रेणू छिद्रांत मावत नाहीत, म्हणून आधी बाहेर पडतात. लहान रेणू गल्ल्या फिरून उशिरा येतात.

स्क्रीनवर त्याचे उंचवटे दिसतात. सगळ्यात आधी एकमेकांना चिकटलेले गठ्ठे, मग न कापलेली अँटीबॉडी, मग आपला तुकडा, शेवटी दांड्याचा चुरा. गठ्ठे जास्त असले तर काळजी, कारण त्यांनीही रुग्णाला रिअॅक्शन येऊ शकते.

पण १५० आणि ११० चे उंचवटे एकमेकांत मिसळू शकतात. शिवाय क्रोमॅटोग्राफी आकार सांगते, नाव नाही.

नाव सांगतो मास स्पेक्ट्रोमीटर. नमुन्याचे ट्रिप्सिनने आणखी छोटे तुकडे करतात, त्यांचं वजन मोजतात आणि घोड्याच्या प्रथिनांच्या यादीशी जुळवतात. अल्ब्युमिन राहून गेलंय का, दांडा उरलाय का, हे इथे पकडलं जातं.

मग थेट अख्खा तुकडाच का मोजत नाहीत?

ट्रॅस्टुझुमॅबसारख्या कॅन्सरच्या औषधात एकाच प्रकारची अँटीबॉडी असते, त्यामुळे तिच्या तुकड्याचं वजन आधीच काढून ताडून पाहता येतं. घोड्याच्या रक्तात मात्र असंख्य प्रकारच्या अँटीबॉडी असतात. एक नेमका आकडा येत नाही, पसरट ढीग दिसतो.

शुद्ध म्हणजे प्रभावी का?

नाही! घोड्याच्या सगळ्याच अँटीबॉडी विषाविरुद्धच्या नसतात. म्हणून आणखी एक युक्ती करतात. औषधातले तुकडे मण्यांना बांधायचे आणि त्यावरून विष सोडायचं. जे घटक न अडकता निसटतात, ते मास स्पेक्ट्रोमीटरने ओळखायचे. म्हणजे औषधाची दुबळी बाजू कळते. हे फार गरजेचं आहे, कारण एकाच जातीच्या सापाचं विष प्रदेशानुसार बदलतं, आणि भारतातल्या औषधासाठी विष येतं ते मुख्यतः तमिळनाडूच्या इरुला सहकारी संस्थेकडून.

बाटलीवर लिहिलेलं असतं, १ मिलीलिटर औषध नागाचं ०.६ मिलिग्रॅम विष निष्प्रभ करतं. हा आकडा अजूनही उंदरांवरच्या चाचणीतून येतो. यंत्रं सांगतात बाटलीत काय आहे. ते विषाला पुरं पडेल का, हे वेगळं तपासावं लागतं.

आणि हो, साप चावला तर चिरा नको, आवळून बांधणं नको, मांत्रिक नको. थेट दवाखाना गाठा. भेटू पुढच्या भागात!