चाल एका घरची, शब्द दुसऱ्या घरचे

१८४० सालच्या जून महिन्यात जर्मनीतील लाइपझिग शहराच्या बाजारचौकात एक मोठा उत्सव झाला. सुट्या खिळ्यांनी छपाई करण्याच्या कलेला चारशे वर्षे पूर्ण झाली असे मानून योहान गुटेनबर्गच्या स्मरणार्थ भरविलेल्या त्या समारंभासाठी फेलिक्स मेंडेल्सोन या त्या नगरीच्या मानकरी संगीतकाराने पुरुषांचा गायनवृंद आणि पितळी वाद्ये यांकरिता एक स्तुतिगीत रचून दिले होते. उघड्या चौकात, गर्दीच्या कोलाहलावर मात करून ऐकू जावी अशा बेताने त्याची चाल ठसठशीत आणि काहीशी लष्करी थाटाची बांधलेली होती. पुढे तीन वर्षांनी आपल्या लंडनच्या प्रकाशकास लिहिलेल्या पत्रात त्याने असा अभिप्राय दिला, की या गीताच्या दुसऱ्या भागाला योग्य इंग्रजी शब्द मिळाले तर तो गाणाऱ्यांना आणि ऐकणाऱ्यांना फार आवडेल, मात्र धार्मिक शब्द त्याला कदापि शोभणार नाहीत. १८४७ साली मेंडेल्सोन निवर्तला, आणि १८५५ साली वॉल्थम ॲबी येथील विल्यम कमिंग्स या तरुण ऑर्गनवादकाने, जो लहानपणी खुद्द मेंडेल्सोनच्या हाताखाली गायलेला होता, नेमकी तीच चाल उचलून चार्ल्स वेस्लीच्या नाताळच्या स्तोत्राला लावली. ‘हार्क! द हेरल्ड एंजल्स सिंग’ या नावाने जगभर गायिले जाणारे कॅरल ते हेच.

बरे, त्यातील शब्द तरी वेस्लीचे म्हणावेत, तर तेही सर्वस्वी नव्हेत. वेस्लीने हे स्तोत्र १७३९ साली प्रसिद्ध केले तेव्हा त्याच्या आरंभी देवदूतांचा उल्लेखच नव्हता. १७५३ साली त्याचा मित्र आणि प्रतिस्पर्धी धर्मोपदेशक जॉर्ज व्हाइटफील्ड याने पहिली ओळ बदलून तेथे देवदूत आणून बसविले. आपल्या घराण्याच्या पदांत इतरांनी दुरुस्त्या करू नयेत, अशी जाहीर विनंती चार्ल्सचे बंधू जॉन यांनी पुढे छापून केली. तिचा उपयोग काय झाला हे उघडच आहे. कवी, दुरुस्ती करणारा, संगीतकार आणि सांधणारा अशा चौघांच्या हातांतून, आणि त्यांपैकी दोघांच्या इच्छेविरुद्ध, हे गीत सिद्ध झाले.

ही कैफियत अपवादात्मक असती तर तिचा एवढा विस्तार करण्याचे कारण नव्हते. परंतु नाताळच्या बहुतेक लोकप्रिय गीतांची वंशावळ तपासू गेल्यास असाच संकर आढळतो. अनादी काळापासून चालत आलेले म्हणून जे गाणे श्रोता डोळे मिटून ऐकतो, त्याचे शब्द पुष्कळदा अठराव्या शतकातले, चाल तिसऱ्याच मुलखातली आणि दोहोंची गाठ मारणारा एकोणिसाव्या शतकातला एखादा पाद्री वा ऑर्गनवादक, असा प्रकार असतो. लावणीची चाल भजनात आणि नाटकाच्या पदाची चाल कीर्तनात ऐकण्याची सवय असलेल्या मराठी वाचकास यात धक्का बसण्यासारखे काही नाही. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी ख्रिस्ती उपासनेसाठी अभंग आणि कीर्तन ही देशी साधने हाती घेतली, तीही याच वहिवाटीने.

मध्ययुगात कॅरल हे मूळचे हात गुंफून फेर धरण्याचे गाणे होते. एकाने कडवे म्हणावे आणि बाकीच्यांनी ध्रुपद उचलावे अशी त्याची रीत असे, आणि त्याचा विषय नाताळच असला पाहिजे असा काही दंडक नव्हता. धर्माधिकाऱ्यांना हा नाच रुचत नसे. परंतु १२२३ साली ग्रेच्चो येथे गव्हाणीचा देखावा उभारून येशूजन्माचा प्रसंग सामान्यांच्या डोळ्यांपुढे आणणाऱ्या संत फ्रान्सिसच्या अनुयायांनी लोकभाषा आणि लोकांच्या चाली धर्मप्रसारासाठी जवळ केल्या, आणि फेरातील गाण्यास भक्तीचे वळण लागले. श्रॉपशरमधील जॉन ऑडले या अंध धर्मोपदेशकाच्या पंधराव्या शतकातील हस्तलिखितात २५ कॅरले एकत्र लिहून ठेवलेली आहेत. १५२१ साली विंकिन द वर्ड या लंडनच्या मुद्रकाने कॅरलांचे पुस्तक छापले. त्याचे जे पान आज उरले आहे त्यावर मेजवानीत रानडुकराचे मस्तक मिरवीत आणताना म्हणावयाचे गाणे आहे. भक्ती आणि भोजन यांचे हे सख्य या गीतांच्या स्वभावातच आहे.

ते सख्य इंग्लंडमधील प्युरिटन या कर्मठ प्रॉटेस्टंट पंथीयांना असह्य झाले. धर्मग्रंथात ज्याला आधार नाही तो सण पाळू नये, हा त्यांचा सिद्धांत होता. १६४४ साली नाताळ नेमका महिन्यातील शेवटच्या बुधवारी, म्हणजे पार्लमेंटने नेमून दिलेल्या उपवासाच्या दिवशी आला, तेव्हा उपवासच पाळावा असा हुकूम सुटला. आणि १६४७ च्या जूनमध्ये नाताळ, ईस्टर आदी सण रीतसर रद्दबातल ठरविण्यात आले. त्या वर्षीच्या नाताळात दुकाने उघडी ठेवण्याच्या सक्तीवरून कॅंटरबरी येथे दंगल उसळली. अटलांटिकपलीकडे मॅसॅच्युसेट्सच्या वसाहतीने १६५९ साली नाताळ साजरा करणाऱ्यास पाच शिलिंग दंडाची शिक्षा ठरविली, ती १६८१ पर्यंत कायद्यात राहिली. याच्या आधीच्या पिढीतील एक इंग्रज, विल्टशरमध्ये जन्मलेला जेझुइट थॉमस स्टीफन्स, १५७९ साली गोव्यास आला होता. त्याचे ‘क्रिस्तपुराण’ राचोल येथे १६१६ साली छापले गेले आणि त्यात येशूजन्माची कथा मराठी ओवीत उतरली. ज्या देशातून तो निघून आला त्या देशात पुढे तीस-एकतीस वर्षांतच त्याच जन्माचा उत्सव बेकायदा ठरावा, आणि गोव्यातील साळशेतीच्या देवळांतून मात्र तो ओव्यांनी गायिला जावा, हा योगायोग मला या सगळ्या इतिहासात फार अर्थपूर्ण वाटतो.

१६६० साली इंग्लंडात राजसत्ता परत आली आणि सणही परत आला. गाण्यांना मात्र चर्चचे दार सहजासहजी उघडले नाही. इंग्लंडच्या अधिकृत उपासनेत छंदोबद्ध स्तोत्रसंहितेचेच राज्य होते. त्या संहितेला १७०० साली जी पुरवणी जोडली गेली तीत नाताळचे म्हणून एकच गीत शिरले: मेंढपाळांना रात्री देवदूताने दिलेल्या वार्तेचे, राजकवी नेहम टेट याच्या नावावर असलेले. सरकारमान्य गाणे एकच असल्यामुळे गावोगावच्या हौशी गवयांनी आपली सारी प्रतिभा त्याच्या चालींत ओतली. कॅंटरबरीच्या टॉमस क्लार्क नामक चांभाराने रचलेली एक दणदणीत चाल बराच काळ या गीतासाठी वापरात होती; पुढे ती यॉर्कशरकरांनी एका थट्टेखोर लोकगीतासाठी इतकी आपलीशी केली, की आज चर्चमध्ये तीच जुनी जोडी म्हटली तर श्रोत्यांना हसू आवरत नाही.

या गावगवयांची संस्था स्वतंत्र प्रबंधाचा विषय आहे. चर्चच्या पश्चिमेकडील सज्जात फिडल, क्लॅरिनेट, बासून घेऊन बसणारे सुतार, शिंपी आणि शेतमजूर नाताळच्या आदल्या रात्री कंदील घेऊन दारोदार गात जात. टॉमस हार्डीचे वडील आणि आजोबा डॉर्सेटमधील स्टिन्सफर्ड येथे अशाच ताफ्यात वाजवीत असत, आणि हार्मोनियम व ऑर्गन आल्यावर त्या ताफ्याची कशी बरखास्ती झाली याची कहाणी हार्डीने १८७२ सालच्या ‘अंडर द ग्रीनवुड ट्री’ या कादंबरीत हसतहसत आणि तरीही दुखऱ्या हाताने लिहिली. शिस्तप्रिय पाद्र्यांनी सज्जे रिकामे केले. गाणी मात्र मेली नाहीत, ती मद्यगृहांत जाऊन बसली. शेफील्डच्या आसपासच्या खेड्यांत अद्यापही नोव्हेंबरच्या मध्यापासून नाताळ संपेपर्यंत, रविवारी दुपारी बियरचे पेले हाती घेऊन, स्तोत्रसंग्रहांतून हद्दपार झालेल्या चाली खड्या आवाजात गायिल्या जातात.

चर्चने एका दाराने घालविलेली मंडळी विद्वानांनी दुसऱ्या दाराने आत आणली. १८२२ साली डेव्हिस गिल्बर्ट या कॉर्निश गृहस्थाने, जो पार्लमेंटचा सभासद होता आणि पुढे रॉयल सोसायटीचा अध्यक्ष झाला, बालपणी ऐकलेली गाणी नामशेष होत चालली आहेत या समजुतीने एक छोटा संग्रह छापला. १८३३ साली विल्यम सँडिस नावाच्या वकिलाने अधिक विस्तृत संग्रह काढला, आणि ‘द फर्स्ट नोएल’सारखी गाणी त्यामुळे कागदावर स्थिर झाली. दहा वर्षांनी डिकन्सने आपल्या नाताळकथेलाच ‘कॅरल’ असे नाव दिले.

संग्राहकांच्या या मालिकेत जॉन मेसन नील याची गोष्ट विशेष रंजक आहे. प्रकृतीने दुबळा आणि धर्मविषयक मतांमुळे वरिष्ठांच्या रोषास पात्र झालेला हा पंडित ईस्ट ग्रिन्स्टेड येथील वृद्धाश्रमाच्या देखरेखीवर आयुष्य कंठीत होता. १८५३ च्या सुमारास स्टॉकहोम येथील ब्रिटिश वकिलाने ‘पिए कान्तिओनेस’ या दुर्मिळ लॅटिन गीतसंग्रहाची प्रत इंग्लंडास आणली, आणि ती नील व त्याचा सहकारी टॉमस हेल्मोर यांच्या हाती आली. फिनलंडमधील तुर्कूच्या शाळेत गायिली जाणारी ही गाणी १५८२ साली ग्राइफ्सवाल्ट येथे छापली गेली होती. त्यांतील वसंतऋतूच्या फुलांचे वर्णन करणाऱ्या एका गीताची चाल नीलने घेतली, आणि तिच्यावर बोहेमियाचा दहाव्या शतकातील अधिपती वेन्सेस्लास बर्फातून गरिबासाठी लाकूडफाटा घेऊन जातो, अशी स्वरचित कथा बसविली. इतिहासातील वेन्सेस्लास हयातीत राजा नव्हता, ड्यूक होता, आणि त्याला सख्ख्या भावाच्या माणसांनी मारले. १९२८ सालच्या ‘ऑक्सफर्ड बुक ऑफ कॅरल्स’च्या संपादकांनी, ज्यांत राल्फ वॉन विल्यम्ससारखा थोर संगीतकार होता, त्या सुंदर वसंतगीताची ही दुर्दशा पाहून नीलच्या रचनेवर कडक ताशेरे झाडले. मला त्यांचा राग समजतो. पण हिवाळ्यातल्या लोकांना वसंताची चाल पळवून नेण्याचा मोह व्हावा, हेही समजते.

आता त्या गीताकडे वळू, ज्याच्या जन्माची दंतकथा जन्माहून अधिक प्रसिद्ध आहे. नेपोलियनच्या युद्धांनी धुळीस मिळविलेल्या साल्झबर्गच्या मुलखात योझेफ मोर या तरुण धर्मोपदेशकाने १८१६ साली मारियाफार येथे ‘श्टिले नाख्ट’ ही कविता लिहिली. पुढे त्याची नेमणूक साल्झाख नदीकाठच्या ओबर्नडॉर्फ येथे झाली. कविता लिहिली त्याच वर्षी ठरलेल्या नव्या सरहद्दीने हे गाव पलीकडच्या लाउफेनपासून तोडून ऑस्ट्रियात टाकले होते. १८१८ सालच्या २४ डिसेंबरला त्याने ती कविता शेजारच्या आर्न्सडॉर्फचा शाळामास्तर आणि ऑर्गनवादक फ्रान्झ ग्रूबर याच्या हाती दिली, आणि दोन आवाज, साथीचा वृंद व गिटार यांसाठी चाल मागितली. त्याच रात्री ती गायिली गेली. उंदरांनी ऑर्गनचा भाता कुरतडल्यामुळे गिटार आणावी लागली, ही सर्वतोमुखी असलेली गोष्ट ग्रूबरने स्वतः दिलेल्या वृत्तांतात कोठेही नाही.

गाणे ओबर्नडॉर्फबाहेर गेले ते कारागिरांच्या पाठीवर. ऑर्गन बांधणारा कार्ल माउराखर ते टिरोलमधील आपल्या त्सिलर्टाल खोऱ्यात घेऊन गेला. तेथील हातमोजे विकणाऱ्या श्ट्रासर कुटुंबाने ते लाइपझिगच्या जत्रेत गायिले, आणि राइनर कुटुंबाने अमेरिकेपर्यंत पोचविले. टिरोलचे लोकगीत म्हणून ते छापले गेले, त्याच्या कर्तृत्वाचा मान हायडनसारख्यांना देण्यात आला. अखेर बर्लिनच्या राजदरबारातील गायनवृंदाकडून चौकशी झाली तेव्हा १८५४ साली ग्रूबरने आपल्या हाताने हकीकत लिहून काढली. मोर तोपर्यंत वारला होता, आणि वारला तेव्हा त्याच्यापाशी जवळजवळ काही नव्हते. १९९५ साली मोरच्या हस्ताक्षरातील एक प्रत उजेडात आली आणि चाल ग्रूबरची असल्याचे तीवरून पक्के झाले.

१९१८ च्या नाताळात, महायुद्ध संपून सहा आठवडे लोटले असता, केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजचा डीन एरिक मिल्नर-व्हाइट याने नऊ वाचने आणि कॅरले यांची उपासना सुरू केली. तो आघाडीवर सैन्याचा धर्मोपदेशक म्हणून राहून आलेला होता, आणि रूढ उपासना अशा काळात अपुरी पडते असे त्याचे मत होते. मूळ आराखडा मात्र त्याचा नव्हे. १८८० साली कॉर्नवॉलमधील ट्रुरो येथे, कथीड्रलचे बांधकाम चालू असल्यामुळे लाकडी मांडवात, बिशप बेन्सनने तो प्रथम अमलात आणला होता. गाणाऱ्या पोरापासून बिशपापर्यंत चढत्या श्रेणीने वाचने व्हावीत ही कल्पनाही तिथलीच. १९१९ पासून ही उपासना एका मुलाच्या एकट्या आवाजाने सुरू होते, आणि कोणत्या मुलाने गावयाचे हे अगदी ऐनवेळी सांगण्यात येते, की भीतीला वाव राहू नये. १९२८ पासून, १९३० चा अपवाद वगळता, ती दरवर्षी आकाशवाणीवर ध्वनिक्षेपित होत आली आहे.

अमेरिकेने या परंपरेत धर्माचा भाग जवळजवळ वगळून हवामानाचा भाग ठेवला. जेम्स पिअरपॉन्टने १८५७ साली प्रसिद्ध केलेल्या ‘जिंगल बेल्स’मध्ये नाताळचे नावसुद्धा नाही. लाल नाकाचा रुडॉल्फ हा रेनडिअर १९३९ साली एका दुकानाच्या जाहिरात-पुस्तिकेत जन्मला. आणि ‘व्हाइट ख्रिसमस’ लिहिणारा आयर्व्हिंग बर्लिन हा रशियातून आलेला यहुदी निर्वासित; त्याचा तान्हा मुलगा १९२८ सालच्या नाताळच्याच दिवशी दगावला होता. गाण्याचा मूळ आरंभ कॅलिफोर्नियातील ऊन आणि ताडाची झाडे यांच्या वर्णनाने होतो. तो भाग गाळूनच ते बहुधा गायिले जाते, त्यामुळे बर्फाची ती ओढ कोठून उत्पन्न झाली हे श्रोत्यास कळत नाही. बिंग क्रॉस्बीने १९४१ च्या नाताळात ते आकाशवाणीवर प्रथम म्हटले आणि १९४२ च्या मे महिन्यात ध्वनिमुद्रित केले. लढाईवर गेलेल्या सैनिकांनी त्याची इतकी मागणी केली, आणि त्यापायी मूळ मुद्रिकेवरून इतक्या तबकड्या काढल्या गेल्या, की ती झिजून निकामी झाली. १९४७ साली त्याच वादकांना आणि त्याच साथीदार गायकांना जमवून, पहिल्याचे हुबेहूब अनुकरण करीत, ते पुन्हा मुद्रित करावे लागले, आणि अस्सल म्हणून आज सामान्यतः ऐकू येते ते हेच दुसरे.