स्क्रीन खिशात, मॅच कानात

हा आपल्या आजच्या एपिसोडचा लिखित भाग. आजचा प्रश्न साधा आहे. फोनवर मॅच चक्क दिसत असताना कुणी ती नुसती ऐकावी कशाला?

उत्तर मला एसटीत मिळालं.

२९ जून २०२४ची रात्र. टी-ट्वेंटी वर्ल्ड कपची फायनल, भारत विरुद्ध दक्षिण आफ्रिका. सगळे मित्र टीव्हीसमोर आणि मी स्वारगेटहून सुटलेल्या कोल्हापूरच्या गाडीत. आफ्रिकेला ३० चेंडूंत ३० धावा हव्या होत्या, सहा विकेट हातात. नेमकं तेव्हाच, खंबाटकीच्या घाटात, फोनवर ते गोल चक्र फिरायला लागलं. वैतागून व्हिडिओ बंद केला आणि ऑडिओ समालोचन लावलं. ते चालू झालं!

असं का होतं? हिशोब करून बघा. ६४ केबीपीएसचा ऑडिओ तासाला साधारण २९ एमबी डेटा घेतो. दीड एमबीपीएसचा व्हिडिओ तासाला ६७५ एमबी. म्हणजे जवळपास २३ पट. रेंज एक-दोन दांड्यांवर आली की व्हिडिओ दम टाकतो, आवाज मात्र तग धरतो. शिवाय स्क्रीन बंद असल्याने बॅटरीही वाचते.

शेजारी एक काका होते, पुण्यात डोळे दाखवून घरी परत निघालेले. म्हणाले, "एक इयरफोन इकडं द्या की." दिला. दोन मिनिटांनी म्हणतात, "हे बरं आहे. टीव्हीवाले बॉल कुठं गेला ते सांगतच नाहीत हो."

खरी गोम इथेच आहे. टीव्हीचा समालोचक गृहीत धरतो की तुम्ही बघताय. तो मत देतो, किस्से सांगतो, मध्येच गप्पही बसतो. रेडिओवाल्याला तशी मुभा नाही. कोण टाकतोय, चेंडू कुठे पडला, कुठल्या दिशेला गेला, कोण धावतोय, धावा किती झाल्या, हे सगळं त्याने सांगायचं. आणि स्कोअर पुन्हा पुन्हा सांगायचा, कारण कुणीतरी नुकतंच ऐकायला लागलेलं असतं.

ही कला आपल्याकडे जुनी आहे. १९३४ साली मुंबईत चौरंगी स्पर्धेच्या वेळी बॉबी तल्यारखान यांनी इंग्रजीत समालोचन केलं. पुढे बाळ ज. पंडित आकाशवाणीवरून मराठीत बोलू लागले. षटक, यष्टिरक्षक, पायचीत हे शब्द अशा समालोचनातून मराठी श्रोत्यांच्या कानावर पडत राहिले. शेतात, दुकानात, गॅरेजमध्ये हातातलं काम न थांबवता लोक मॅच ऐकायचे.

आता एक गैरसमज. ऑडिओ म्हणजे नेहमीच लाइव्ह, असं नाही. नेटवर आवाजही तुकड्यातुकड्याने येतो, थोडा साठतो आणि मग वाजतो. त्यामुळे तोही काही सेकंद मागे असतो. साध्या एफएम किंवा मिडियम वेव्हवर ही साठवण नसते, म्हणून तिथे विकेट लवकर कळते. तुमच्या फोनमध्ये एफएम असेल तर वायरचा इयरफोन लावा. ती वायरच अँटेनाचं काम करते. ब्लूटूथवाला तिथे बहुधा कामाचा नाही.

आणि एक विनंती. रस्ता किंवा रूळ ओलांडताना इयरफोन काढा. मॅच पुन्हा ऐकता येईल.

तर, आमची गाडी. शेवटची ओव्हर, १६ हव्या. एव्हाना इयरफोन काढून स्पीकर लावला होता. कंडक्टरच म्हणाले होते, "आवाज वाढवा." हार्दिकचा पहिला चेंडू, मिलरने उंच मारला. लाँग-ऑफ ऐकताच काकांनी तिकडे बोट केलं, जणू मैदान समोरच आहे. सूर्यकुमारने सीमारेषेवर चेंडू पकडला, आत उडवला, स्वतः बाहेर गेला, परत येऊन झेलला. अख्खी गाडी ओरडली. भारत ७ धावांनी जिंकला.

तो झेल मी नंतर कितीतरी वेळा पाहिला. पण आठवतं ते काकांचं हवेतलं बोट.

तुम्ही चालत्या गाडीत ऐकलेली मॅच कुठली? व्हॉइस नोट पाठवा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!