रूपमती : प्रेमकथेआड दडलेला एका गायिकेचा शेवट

मांडू (जि. धार) : पावसाळा लागला की मांडूला गर्दी उसळते. रूपमती मंडपावर चढायचं, दूरवर नर्मदा दिसते का बघायचं, फोटो काढायचे आणि गाईडकडून राणीची प्रेमकहाणी ऐकायची, हा ठरलेला कार्यक्रम. १९५७ च्या ‘रानी रूपमती’ या हिंदी चित्रपटात निरूपा रॉय यांनी ही भूमिका केली, तेव्हापासून तर ही कहाणी घरोघरी पोचली. पण तिचा शेवट बऱ्याच जणांना अर्धवटच ठाऊक असतो.

रूपमती कोण होती?

माळव्याचा सुलतान बाजबहादूर याच्या दरबारातली ती गायिका. कवनंही रचायची. तिची कथा अहमद-उल-उमरी याने १५९९ मध्ये फारसीत लिहिली, म्हणजे ती गेल्यावर जवळपास ४० वर्षांनी.

नेमकं काय घडलं?

१५६१ मध्ये अकबराचा सरदार अधम खान माळव्यावर चालून आला. सारंगपूरच्या लढाईत बाजबहादूर हरला आणि पळून गेला. हार झालीच तर जनानखान्यातल्या बायकांना मारून टाका, असा हुकूम तो आधीच देऊन गेला होता. त्यात रूपमती जखमी झाली, पण जीव वाचला. अधम खानाने तिच्यावर लुटीतल्या मालासारखा हक्क सांगितला. तिने विष घेतलं. हे सारंगपूर पुढे मराठ्यांच्या देवास संस्थानात आलं. तिची कबर तिथेच असल्याचं सांगतात.

बाकीच्यांचं पुढे काय झालं?

लूट दडवली म्हणून अकबर स्वतः माळव्यात आला, पण तेव्हा अधम खानाला माफी मिळाली. १५६२ मध्ये त्याने अतगा खानाचा खून केला, तेव्हा मात्र अकबराने त्याला गच्चीवरून खाली फेकायला लावलं. बाजबहादूर १५७० मध्ये अकबराला शरण गेला. त्याला मनसब मिळाली आणि ‘आईन-ए-अकबरी’त दरबारी गायकांच्या यादीत त्याचं नावही आलं.

मग मांडूत तिचं काय उरलं?

बाजबहादूर महाल त्याच्या आधीचा, १५०८-०९ मधला. रूपमती मंडपही मुळात सैन्याची टेहळणी चौकी. तिचं म्हणावं असं इथे फक्त नाव उरलंय. सुलतान पळाला आणि जगला. गाणारी मात्र दोघांच्या हुकमात सापडली. पुढच्या वेळी मंडपावर उभं राहाल, तेव्हा कहाणीचा हा भागही आठवा.