दारात बेलिफ, घरात मनोरुग्ण

सकाळची ओपीडी संपत आली होती. एक बाई आत आल्या आणि त्यांनी औषधाची पिशवी माझ्या टेबलावर उलटी केली. एरवी त्या पिशवीतून गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्या निघत. त्या दिवशी सात-आठ लिफाफे निघाले, बहुतेक न फोडलेले, आणि त्यांच्यावर कोर्टाच्या जप्ती वॉरंटची नक्कल. "डॉक्टर, एवढी चिठ्ठी लिहून द्या, की ह्यांचं डोकं ठिकाणावर नसतं. सोमवारी बेलिफ सामान उचलायला येणार आहे."

त्यांचे यजमान शिंपी. बारा वर्षे माझ्याकडे येतात. त्यांना बायपोलर, म्हणजे उन्माद आणि नैराश्य यांचे आलटून पालटून झटके येणारा आजार आहे. मधल्या काळात माणूस अगदी तुमच्या-आमच्यासारखा असतो. माझे दोन सफारी त्यांनीच शिवलेले आहेत. दोन वर्षांपूर्वी उन्मादाच्या भरात त्यांनी एका व्यापाऱ्याकडून प्रॉमिसरी नोटेवर पैसे उचलले, दोन नवी मशीन आणि कापडाचे तागे आणले, शहरात दुकान काढायचे बेत केले. पुढच्या चार महिन्यांत नैराश्य आले. दुकान बंद, माणूस भिंतीकडे तोंड करून पडलेला. व्यापाऱ्याने दावा लावला. पहिले समन्स आले ते त्यांनी गादीखाली सरकवले, दुसरे दारावर चिकटवले गेले. तारखेला कोणी हजर नाही, म्हणून एकतर्फी हुकूमनामा झाला. मग व्यापारी दरखास्त करून बेलिफ घेऊन दारात.

बेलिफाला दोष देण्यात अर्थ नाही, हे आधीच सांगून टाकतो. तो कोर्टाचा नोकर. त्याच्या हातात वॉरंट असते. कर्ज खरे की खोटे, माणूस आजारी की ठणठणीत, हे ठरवायचा अधिकार त्याला नाही. या घरी आलेला बेलिफ तर सभ्य होता. आतल्या खोलीतून कडी लावून घेतलेल्या माणसाला त्याने हाकही मारली नाही, पंचांसमक्ष यादी केली आणि गेला. त्याच्याशी भांडून काही निष्पन्न होत नाही, उलट सरकारी कामात अडथळा आणल्याची नवीच भानगड मागे लागते. आजार सांगायचा तो कोर्टाला, आणि कागदावर.

इथेच माझे चुकले. मी लेटरहेडवर दोन ओळी लिहून दिल्या: "सदर इसम मानसिक आजाराने ग्रस्त असून माझे उपचाराखाली आहेत." संध्याकाळी वकीलबाईंचा फोन आला. "डॉक्टर, यात तारीख कुठे आहे?"

प्रश्न बरोबर होता. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने स्पष्ट म्हटले आहे की एखाद्याला मानसिक आजार असल्याचे निदान झाले, एवढ्यावरून तो विकल मनाचा ठरत नाही. तसे फक्त सक्षम न्यायालय ठरवू शकते. ही तरतूद रुग्णांच्या भल्यासाठीच आहे, नाहीतर गोळ्या घेणाऱ्या प्रत्येकाची सही कोणीही नाकारली असती. पण तिचा दुसरा अर्थ असा की "आजारी आहे" हे डॉक्टरचे दोन शब्द कोर्टात पुरत नाहीत. समन्स घरी आले त्या आठवड्यात हा माणूस ते वाचून, समजून, वकील गाठून आपली बाजू मांडू शकत होता का, एवढेच कोर्टाला हवे असते.

मी जुने केसपेपर काढले. दावा लागला त्या महिन्यातल्या माझ्याच नोंदी होत्या: खाणे सुटले आहे, अंघोळ नाही, प्रश्नाला एका शब्दात उत्तर, जगून काय करू असे म्हणतो, सिव्हिल हॉस्पिटलच्या मानसोपचार तज्ज्ञांकडे पाठवले. त्या तज्ज्ञांचा कागदही बाईंनी ट्रंकेतून शोधून आणला. या वेळी दाखला दीड पानांचा झाला. कधीपासून उपचार, कोणत्या तारखांना काय पाहिले, कोणती औषधे, त्या काळात पत्रव्यवहार व पैशाचे व्यवहार समजण्याची स्थिती कशी होती, आणि आज कशी आहे. आज ते सुधारत आहेत हेही लिहिले. पाहिले नाही ते लिहिले नाही. उलटतपासणीत असे वाक्य टिकत नाही आणि मग खरी वाक्येही बुडतात. समोरच्या पक्षाने आजाराच्या पुराव्यालाच हरकत घेतली, तर याच कायद्यानुसार कोर्ट तो प्रश्न मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाकडे तपासायला पाठवते. दाखला देण्याआधी मी शिंपीबुवांना समोर बसवून त्यांची संमती घेतली. आजाराची माहिती रुग्णाची असते, नातेवाइकांची नव्हे.

आता कायद्याची बाजू, मला वकीलबाईंनी समजावली तेवढी. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ३२ व्या आदेशातला १५ वा नियम सांगतो की मानसिक दुर्बलतेमुळे जो स्वतःचे हित राखू शकत नाही असे चौकशीत कोर्टाला आढळेल, त्याच्यातर्फे दावा लढवायला कोर्टाने पालक नेमला पाहिजे, जसा अज्ञान मुलासाठी नेमतात. आधी कोणी त्याला वेडा ठरवलेला असण्याची गरज नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९६० च्या दशकातच एका निकालात, पालक न नेमता मनोरुग्णाविरुद्ध झालेला हुकूमनामा मुळातच रद्दबातल मानला होता, आणि त्या हुकूमनाम्यावर झालेली घराची लिलाव-विक्रीसुद्धा. एकतर्फी हुकूमनामा उठवण्याचा अर्ज ३० दिवसांत करायचा असतो. समन्स रीतसर बजावलेच नसेल तर हे दिवस हुकूमनामा कळल्यापासून धरतात. मुदत टळली असली तरी कारण दाखवून उशीर माफ करून घेता येतो. म्हणून "आता फार उशीर झाला" असे म्हणून कोणी घरी बसू नये.

काही गोष्टींना तर आजार सिद्ध करायचीही गरज नसते. संहितेचे कलम ६० म्हणते की अंगावरचे जरुरीचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण आणि कारागिराची हत्यारे जप्त करता येत नाहीत. शिंप्याचे मशीन हे हत्यारच. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी राहत्या घरात जप्तीसाठी शिरता येत नाही. पैशाच्या हुकूमनाम्यात बाईला अटक होत नाही. पुरुषाविरुद्ध अटक वॉरंट निघाले तरी गंभीर आजाराच्या कारणावरून कोर्ट ते रद्द करू शकते, आणि ऐपतच नसलेल्या माणसाला केवळ कर्ज फिटले नाही म्हणून दिवाणी तुरुंगात धाडता येत नाही, हे न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी १९८० साली एका बँकेच्या खटल्यात ठणकावून सांगितले आहे.

पतसंस्थेची वसुली मात्र वेगळ्या वाटेने जाते. तिथे सहकार कायद्याच्या १०१ कलमाचा दाखला असतो आणि जप्तीला कोर्टाचा बेलिफ येत नाही, वसुली अधिकारी येतो. दाद सहकार खात्याकडे मागावी लागते. आणि बँकेचा वसुली एजंट हा या दोघांपैकी कोणीच नव्हे. त्याला घरातली वाटीही उचलता येत नाही. रिझर्व्ह बँकेने २०२२ साली सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर त्याने फोन करण्यालाही मनाई केली.

माझ्या विषयाकडे येतो. जप्तीच्या आधीचे तीन-चार दिवस रुग्णासाठी धोक्याचे असतात. बायपोलरच्या रुग्णाची एक रात्र झोपेविना गेली तरी उन्माद उसळू शकतो. संशयाचा आजार असलेल्याला दारातले पंच मारेकरी वाटू शकतात. गोळ्या एकही दिवस चुकवू नयेत, लिथियम तर नाहीच नाही. घरात फवारणीचे औषध असेल तर ते शेजारी ठेवायला द्यावे, गोळ्यांची पिशवी घरच्यांनी आपल्या ताब्यात ठेवावी. "मेलेलं बरं" असे शब्द निघाले तर ते नाटक समजू नये, त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. त्या सकाळी रुग्णाला शक्यतो बहिणीकडे, मामाकडे पाठवावे. बेलिफाशी बोलायला घरातला एक शांत माणूस, हातात दाखल्याची नक्कल आणि केलेल्या अर्जाची पोच, एवढे पुरे. आणि दिव्याखालचा अंधार म्हणजे ते न फोडलेले लिफाफे. नैराश्याच्या रुग्णाच्या घरी आलेले टपाल दर आठवड्याला कोणीतरी फोडून वाचलेच पाहिजे. ही सूचना मी आता औषधाच्या चिठ्ठीवरच लिहितो.

शिंपीबुवांच्या अर्जावर शनिवारी जप्तीला तात्पुरती स्थगिती मिळाली. पुढे न्यायाधीशांनी त्यांना स्वतः दहा-पंधरा मिनिटे प्रश्न विचारले, माझी साक्ष झाली, हुकूमनामा उठला आणि दावा पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला. कर्ज माफ झालेले नाही. उन्मादात केलेली सही टिकते की नाही, हे त्या वेळी त्यांना व्यवहार कळत होता का, यावर ठरेल, आणि व्यापाऱ्याचे पैसे गेले हेही खरेच आहे. हप्त्यांची बोलणी चालू आहेत. जुन्या मशीनवर ते पुन्हा ब्लाउज शिवतात.

वकीलबाईंनी फी घेतली नाही, कारण त्या विधी सेवा समितीतर्फे आल्या होत्या. १९८७ च्या कायद्याच्या १२ व्या कलमाखाली मानसिक आजार असलेल्या अपंग व्यक्तीला फुकट वकील मिळतो, आणि बाईमाणसाला तर ती बाई आहे एवढ्यावरच. तालुका समितीचे कार्यालय कोर्टाच्या आवारातच असते. फोनवर विचारायचे असेल तर १५१००, आणि मनाच्या त्रासासाठी रात्री-बेरात्री बोलायचे असेल तर टेलिमानसचा १४४१६. जाताना केसपेपर बरोबर न्यावेत, फाटके असले तरी चालतील.