गॅस भरण्याआधी गळती शोधा

गाडीचा एसी थंड करेनासा झाला की ‘गॅस भरून टाका’ हाच उपाय आधी सुचतो. पण हा गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. बंद नळ्यांतून तो फिरत राहतो. कमी झाला, म्हणजे कुठूनतरी गळला. रबरी होज आणि ओ-रिंगमधून वर्षानुवर्षे थोडा गॅस झिरपतोच, हा आक्षेप खरा. पण दर उन्हाळ्यात भरावा लागत असेल, तर तो बिघाडच. गॅससोबत तेलही गळून कॉम्प्रेसर निकामी होऊ शकतो. शिवाय अनेक गाड्यांच्या एसीत असणारा आर-१३४ए हा गॅस वजनाला वजन कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १,४०० पट तापमानवाढ घडवतो. म्हणून नायट्रोजनच्या दाबाने किंवा अतिनील प्रकाशात चमकणाऱ्या रंगाने गळती शोधावी, खराब भाग बदलावा, व्हॅक्यूम करावा आणि मगच गॅस वजन करून भरावा.