ग्रामसूचनेची भाषा : बोरी परिसरातील प्रशासकीय शब्द आणि वाक्य

गावाचा कारभार सामान्य ग्रामस्थापर्यंत पोहोचतो तो प्रायः सूचनेच्या रूपाने. घरपट्टीची मुदत, ग्रामसभेचा दिवस, नळाच्या पाण्याची वेळ, फेरफारावरील हरकतीचा अवधी ही सारी वार्ता ग्रामपंचायतीच्या फलकावर लागते. आणि ती ज्याला कळली नाही त्याची संधी मुदतीबरोबरच जाते. अशा सूचना दुर्बोध असतात, ही तक्रार जुनी आहे. तिचे कारण बहुधा शब्दांत शोधले जाते. कोणी फार्सी-अरबी शब्दांना दोष देतो, कोणी संस्कृत शब्दांना. परभणी जिल्ह्यातील बोरी व तिचा परिसर समोर ठेवून विचार केल्यास मात्र असे दिसते की, दुर्बोधतेचे मूळ शब्दाच्या कुळात नसून वाक्याच्या घडणीत आहे.

१. शब्दांचे स्तर

बोरी हे जिंतूर तालुक्यातील, जिंतूर-परभणी मार्गावरील मोठे गाव. सप्टेंबर १९४८ पर्यंत हा मुलूख हैदराबाद संस्थानात होता. संस्थानात १८८४ पासून वरच्या कारभाराची भाषा उर्दू होती. गावचे दप्तर मात्र मोठ्या अंशी मराठीत व मोडी लिपीत राहिले. जिल्ह्याचा मुख्य अधिकारी ‘अव्वल तालुकदार’, महसुली निरीक्षक ‘गिरदावर’, गावचा हिशेबनीस ‘पटवारी’ ही त्या काळातील नामे होत. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला व १ मे १९६० पासून महाराष्ट्रात. त्याबरोबर ‘तलाठी’ आणि ‘जिल्हाधिकारी’ आले. १९५८ चा ग्रामपंचायत अधिनियम, १९६१ चा जिल्हा परिषद व पंचायत समिती अधिनियम आणि १९६२ चा पदनाम कोश यांनी संस्कृतप्रचुर परिभाषेचा दुसरा थर चढविला. ‘टँकर’, ‘मीटर’, ‘ऑनलाइन’ हा तिसरा थर होय.

वरचा थर चढला म्हणून खालचा नष्ट झाला नाही. हैदराबाद कुळवहिवाट व शेतजमीन कायदा १९५० चा असला तरी मराठवाड्यातील जमिनीच्या प्रकरणांत त्याचा आधार अद्याप घ्यावा लागतो. ‘खासरा पत्रक’ आणि ‘पाहणी पत्रक’ हे शब्दही केवळ इतिहासजमा नव्हेत. २०२३ मध्ये निजामकालीन अभिलेखांतील कुणबी नोंदींचा शोध शासनाने हाती घेतला, तेव्हा मोडी व उर्दू वाचणाऱ्यांची गरज पुन्हा भासली. जुना शब्द वाचता येणे हा अशा वेळी हक्काचा प्रश्न होतो.

२. कोणता शब्द टिकतो

अर्ज, दाखला, नक्कल, तक्रार, हरकत, महसूल हे सर्व शब्द मूळचे अरबी. तरी ते कोणाही मराठी भाषकास परके वाटत नाहीत. अरबीत ‘तक्रार’ म्हणजे पुनरुक्ती आणि ‘हरकत’ म्हणजे हालचाल. ‘गाऱ्हाणे’ व ‘आक्षेप’ हे अर्थ त्यांना मराठीत स्थिरावले. उलट ‘सातबारा’ हा शब्द कोणत्याही परिभाषाकाराने घडविलेला नाही. गावनमुना सात आणि गावनमुना बारा एकाच कागदावर आले, आणि लोकांनी आकड्यांचेच नाम केले. या उदाहरणांवरून असे म्हणता येते की, जो शब्द हातातल्या कागदाशी किंवा नित्याच्या कृतीशी बांधला जातो तो टिकतो. त्याचे कुळ कोणी विचारीत नाही.

शासनाने बदललेल्या नामांची कथा याच नियमाने उलगडते. शिवकालीन राज्यव्यवहारकोशाने फार्सी संज्ञांना संस्कृत पर्याय दिले. त्यानंतरही लोकांच्या तोंडी ‘पेशवा’ हेच नाम राहिले. ‘सचिव’ व ‘मंत्री’ हे शब्द सर्वतोमुखी झाले ते पुष्कळ पुढे, त्या नावांची पदे नव्या राज्यव्यवस्थेत नित्याच्या व्यवहारात आली तेव्हा. २०२४ मध्ये तलाठ्याचे पदनाम ‘ग्राम महसूल अधिकारी’ असे झाले. नव्या नामातील ‘महसूल’ अरबी आहे, ही गोष्ट येथे लक्षणीय ठरते. शुद्धाशुद्धतेची चर्चा प्रत्यक्ष व्यवहारात किती अल्प काम करते हे त्यावरून दिसते.

३. वाक्याची अडचण

बोरी ज्या तालुक्यात आहे त्याच तालुक्यात पूर्णा नदीवर येलदरीचे धरण आहे. जलाशयालगतच्या मुलखात पाणी सोडण्याची सूचना ही सर्वांत तातडीची. नदीच्या काठी शेतकऱ्यांच्या मोटारी असतात, पात्रात गुरे उतरतात. नमुन्यादाखल पुढील रचना पाहावी : “जलाशयातील पाण्याची आवक लक्षात घेता नदीपात्रात विसर्ग करण्यात येणार असून नदीकाठच्या नागरिकांनी सतर्क राहावे, असे सूचित करण्यात येते.”

यातील ‘विसर्ग’ हा एक शब्द सोडल्यास कठीण असे काही नाही. ‘विसर्ग’देखील दर पावसाळ्यात कानांवर पडून परिचयाचा होऊ लागतो. अडचण दुसरीकडे आहे. ‘-ण्यात येणे’ या कर्मणी घडणीमुळे कर्ता लुप्त होतो. ‘आवक’, ‘विसर्ग’ या नामांनी क्रियापदांची जागा घेतल्यामुळे काळ अस्पष्ट होतो. आणि ‘सतर्क राहावे’ या उपदेशात हाताने करावयाचे असे काहीच नाही.

बोलीत कर्ता गाळला जात नाही असे नव्हे. या भागातला माणूस सहज म्हणतो, “धरणाचं पाणी सोडायलेत.” कोण सोडते ते येथेही अनुक्त आहे. पण क्रियापद कर्तरी व अनेकवचनी आहे, आणि क्रिया या क्षणी चालू आहे हे ‘-आयले’ या रूपानेच कळते. अर्थात कर्ता गाळण्यासाठी मराठीला कर्मणी घडणीची सक्ती नाही. ती कार्यालयीन लेखनाची सवय आहे.

४. दवंडीचा धडा

दवंडी ही ग्रामसूचनेची जुनी पद्धत. कोतवालाने चौकाचौकांत थांबून ती द्यावयाची. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेत स्थावर मिळकतीच्या जप्तीचा हुकूम दवंडीने अथवा अन्य रूढ रीतीने जाहीर करावा, अशी तरतूद आहे. त्याची प्रत ठळक जागी लावणे ही त्यासोबतची बाब. म्हणजे ऐकवणे आणि लावणे या दोन्ही क्रिया कायद्याने भिन्न मानल्या.

ऐकवावयाच्या वाक्याला स्वतःची शिस्त असते. ऐकणारा मागे वळून वाचू शकत नाही. त्यामुळे कोणासाठी, केव्हा, कोठे आणि काय करावयाचे हे क्रमाने व लहान वाक्यांत सांगावे लागते. वरील सूचना या रीतीने मांडल्यास ती अशी होईल : “नदीकाठच्या लोकांनी ऐकावे. आज दुपारी चार वाजता धरणाचे दरवाजे उघडणार आहेत. त्याआधी मोटारी काढून घ्याव्यात. गुरे पात्रात सोडू नयेत.” औपचारिकता यात कोठेही उणावलेली नाही.

आज दवंडीचे बरेचसे काम ध्वनिक्षेपक व भ्रमणध्वनी करतात. माध्यम पुन्हा कानाकडे वळले आहे, परंतु त्यावरून वाचला जाणारा मजकूर पुष्कळदा फलकासाठी लिहिलेलाच असतो. परिभाषेचे कोश मराठीत झाले, तसे सूचनेच्या वाक्यरचनेचे अध्ययन अद्याप व्हावयाचे आहे. त्याची सामग्री दूर नाही. प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फलकावर ती लागलेली आहे. अभ्यासकाने एखादी सूचना घ्यावी, ती ग्रामस्थास एकदाच वाचून दाखवावी, आणि आता काय करावयाचे ते त्याच्याकडून ऐकावे. त्याच्या उत्तरात जे गळते, तेवढेच त्या वाक्यात दुरुस्त करावयाचे असते.